सत्कार कोणाचा करावा?

मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांना शाल-श्रीफळ देण्याची आपली प्रथा जुनीच आहे. अलीकडे तिच्या जोडीला विद्यार्थी नेतृत्वाचाही सत्कार होऊ लागला. त्यास माझा विरोध नाही. मात्र नेतृत्वाची पारख आपण स्नेहसंमेलनाच्या मंडपावरून आणि चौकातील फलकांवरून करीत असू, तर ती पुन्हा तपासून पाहिली पाहिजे. आमच्या वेळी वर्गप्रतिनिधी गुणांवरून ठरे. मीही एक वर्ष ते पद भूषविले. त्या वर्षी मी केलेले एकमेव भरीव कार्य म्हणजे सहलीची वर्गणी गोळा करणे!

राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली 37 विद्यापीठांत, 40 हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास सेवा आणि सात दिवसांचे शिबिर, असा तिचा दंडक. बहुतेकांचे हे तास रस्ता झाडण्यात आणि छायाचित्रे काढण्यात संपतात. पवनी तालुक्यातील अशाच एका शिबिरात मार्गदर्शक म्हणून गेलो असता बीएएमएसच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी पाहण्यात आली. शिबिरप्रमुखपद तिच्याकडे होते, पण भाषण तिने एकही केले नाही. गावात हत्तीपायाचे रुग्ण किती, याची घरोघर नोंद तिने चार दिवसांत पूर्ण केली.

आपला जिल्हा तलावांचा आणि धानाचा. साचलेल्या जुन्या पाण्याच्या, सर्व ऋतूंत शीत असलेल्या देशात श्लीपद विशेषत्वाने होते, असे सुश्रुतसंहितेने सांगितले आहे. (भंडाऱ्याच्या मे महिन्याला शीत म्हणण्याचे धाडस मी करणार नाही; पाण्याबाबत मात्र आचार्यांचे निरीक्षण चपखल बसते.) क्युलेक्स डास घाणेरड्या, तुंबलेल्या पाण्यात वाढतो. त्याने पसरविलेल्या जंतूंची पिले रक्तात प्रामुख्याने रात्री आढळतात, म्हणून रक्तनमुने रात्रीच घ्यावे लागतात. ही मुलगी आरोग्यसेविकेबरोबर रात्री दहापर्यंत दारोदार फिरली. सामूहिक औषधोपचारात वाटलेल्या डीईसी व अल्बेंडाझोलच्या गोळ्या अनेकांनी फडताळात ठेवून दिल्या होत्या. त्या का गिळायच्या, हे तिने त्यांच्याच बोलीत पटवून दिले. आयुर्वेदाच्या विद्यार्थिनीने गोळ्यांचा प्रचार करावा, हे आपल्यापैकी काहींना खटकेल. मला खटकले नाही.

त्याहून मोलाचे म्हणजे शिबिरानंतरचे काम. जुनी सूज गोळीने उतरत नाही. पाय रोज साबणाने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, भेगांची काळजी घेणे, झोपताना पाय उंच ठेवणे, एवढ्याने ज्वरासह येणारे सुजेचे झटके कमी होतात. एकाआड एक रविवारी ती मोपेडवरून जाते, वृद्धांचे पाय स्वतः धुऊन दाखविते. आपल्यापैकी किती जण नित्यानंद रस लिहून देताना रुग्णाचा पाय हाती घेतात? मी घेत नव्हतो.

पुढे कायचिकित्सेत एमडी करून लाखांदूरला दवाखाना काढण्याचा तिचा मानस आहे. घरचे नागपूरचा आग्रह धरतात. त्यांना दोष कसा द्यावा? तालुक्यात बसलेल्या वैद्याला आपणच दुय्यम मानतो, आणि शिकाऊ मुलांना दवाखान्यात सलाईन लावण्यापुरते बोलावितो. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 2006 पासून ‘निर्माण’ उपक्रमातून तरुणांना समाजाच्या प्रश्नांकडे वळविले. त्या तोडीचे काही उभारणे आपल्या आवाक्यात नसेल, पण एका मुलीचा हात धरणे निश्चितच आहे.

माझी सूचना अशी. यंदा शाल-श्रीफळाचा खर्च वगळून ती रक्कम या गावातील रुग्णांसाठी साबण, सुती कापड व मलम यांकरिता द्यावी. औषधी दुकानदार बंधूंनी हे साहित्य खरेदीच्या भावात पुरवावे. आपल्यापैकी दोघांनी आळीपाळीने तिच्याबरोबर रविवारी जावे. पहिल्या रविवारी मी जाईन. दुसऱ्यासाठी नाव हवे आहे.