नवी क्लचप्लेट आणि एका ओळीचे बिल

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या क्लचवर लेख लिहावा, याचे कोणालाही नवल वाटेल. पण ज्या गाडीवर घर चालते ती चार दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली, की क्लच हा हिशेबाचाच विषय होतो. माझे मत स्पष्ट आहे. क्लच बदलल्यावर गाडी कुरकुर करू लागली, तर आधी स्वस्त कारणे तपासून घ्यावीत. मगच दुसऱ्या खर्चाला होकार द्यावा.

वडिलांची जुनी ओम्नी आहे. तीतून ते बेकरीचा माल खानापूरपर्यंत पोचवतात. गेल्या वर्षी क्लच बदलून आणला आणि दुसऱ्याच दिवशी रिव्हर्स टाकताना खर्रखर्र आवाज येऊ लागला. गॅरेजचे निदान तयारच होते : गिअरबॉक्स गेला, पुन्हा उतरवावा लागेल. वडिलांनी गाडी आमच्या गल्लीतल्या एका वयस्कर कन्नड मिस्त्रींना दाखवली. ते खाली वाकले, क्लचच्या केबलचा नट थोडा आवळला, पॅडल हाताने दाबून पाहिले, आवाज बंद! केबल सैल असल्यामुळे पॅडल पूर्ण दाबूनही प्लेट सुटत नव्हती, एवढेच.

उलट केबल फार ताणली तर प्लेट नीट धरतच नाही. चढावर इंजिन ओरडते आणि गाडी पुढे सरकत नाही. चोर्ला घाटात हे घडले तर नवी प्लेटसुद्धा जळू शकते. म्हणून पॅडलला थोडी मोकळी चाल ठेवायची. ती किती, हे गाडीच्या पुस्तकात मिलिमीटरमध्ये दिलेले असते. नव्या गाड्यांत पुष्कळदा केबलऐवजी तेलाची नळी असते. तिच्यात हवा राहिली तरी गिअर अडतात. हवा काढायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

सगळाच दोष केबलचा नसतो, हेही खरे. गाडी उचलताना हिसके मारत असेल तर फ्लायव्हीलचा पृष्ठभाग न घासता त्यावर नवी प्लेट चढवली असण्याचा संभव आहे. हे लेथवरचे काम, आणि आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत लेथची वाण नाही. इंजिनाचे ऑइलसील गळत असेल तर नवी प्लेटही तेलाने माखून घसरणार. पॅडल दाबताच घरघर येत असेल तर जुनेच रिलीज बेअरिंग पुन्हा बसवले असावे. ही कंजुषी मला मुळीच समजत नाही. क्लचच्या कामात गिअरबॉक्स काढण्याघालण्याची मजुरी मोठी असते. तो खाली असताना बेअरिंगचे पैसे वाचवायचे, आणि पुढे त्याच बेअरिंगसाठी सगळी मजुरी दुसऱ्यांदा मोजायची! आमच्या वर्गात असा ताळेबंद कोणी मांडला तर सर वही परत फेकतील.

आता बिलाविषयी. आमच्या बिलावर एकच ओळ होती : 'क्लचकाम'. प्लेट कोणती, प्रेशर प्लेट बदलली का, बेअरिंग नवे की जुने, काहीच कळायला मार्ग नाही. कित्येक ठिकाणी तेवढा कागदही मिळत नाही. वास्तविक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. सदोष सेवेबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पण 'क्लचकाम' एवढ्या एका शब्दावर आयोगापुढे काय सिद्ध करणार?

तेव्हा गाडी सोडतानाच दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात : प्रत्येक भागाची व मजुरीची वेगळी नोंद हवी, आणि काढलेले जुने भाग परत हवेत. मिस्त्री प्रामाणिक असेल तर तो रागावत नाही. प्लेट, बेअरिंग, केबल, बिल हे शब्द या अंकाच्या कन्नड विभागातही हेच आहेत. त्यामुळे भाषेची अडचण कोणी पुढे करू नये.