आठवणींचा पहारा

संकट ओसरले की त्याची आठवण काढू नये, असे पुष्कळांस वाटते. दुःख उगाळून काय साधणार, असा त्यांचा सवाल असतो. तो मायेपोटीच येतो, हे खरे. तथापि महाड-पोलादपूरच्या रहिवाशांनी त्याचा नीट विचार करावयास हवा.

सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावते आणि पोलादपूर, महाडवरून वाहत बाणकोटच्या खाडीतून समुद्रास मिळते. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस कोसळला आणि त्याच वेळी खाडीस भरती आली, म्हणजे पाण्यास वाट मिळत नाही व ते महाडच्या बाजारपेठेत शिरते. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. पुढे सोळा वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, महाड शहर पुरात बुडाले. २२ जुलै रोजी तळिये येथे डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखरसुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले.

वाचलेल्यांनी धीर सोडला नाही. महाडकरांनी घरांतील चिखल उपसला, दुकाने पुन्हा मांडली. तळियेकरांनी तात्पुरत्या निवाऱ्यांत दिवस काढले. नंतर त्यांच्यासाठी पक्की घरे उभी राहिली. परंतु त्या घरांत वाढणाऱ्या मुलांस त्या दिवसाची हकीकत कोणी सांगितलीच नाही, तर ती उभारणी अपुरीच म्हणावी लागेल.

इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावर १९०७ साली त्सुनामीच्या, म्हणजे भूकंपाने उसळणाऱ्या प्रचंड सागरी लाटांच्या, तडाख्यात मोठा संहार झाला. तेथील वडीलधाऱ्यांनी ती हकीकत नातवंडांस सांगितली : जमीन जोराने हादरली आणि समुद्र मागे हटला, की डोंगराकडे धाव घ्यावी. २६ डिसेंबर २००४ रोजी तसेच घडले. लोक डोंगराकडे धावले आणि सत्तर हजारांहून अधिक वस्तीच्या त्या बेटावर मोजकीच माणसे मृत्युमुखी पडली.

डोंगरही पुष्कळदा आधी इशारा देतो. उतारावर भेगा पडणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, झाडे वा खांब कलणे, ही दरडीची पूर्वचिन्हे होत. ती दिसताच सामान आवरीत न बसता घर सोडावे. पुराचे पाणी कोठवर चढले, याची खूण भिंतीवर सालासह कोरून ठेवावी.

हे सांगताना वडीलधाऱ्यांचा कंठ दाटून येईल. तरीही त्यांनी सांगावे, आणि मुलांनी ते ध्यानी ठेवावे. गेलेल्यांचे स्मरण करण्याची हीच खरी रीत होय.