बंदूक, जमीन आणि खुर्ची

सातुर्निनो सेदियो हे मेक्सिकोतील सान लुईस पोतोसी प्रांताचे शेतकरी-सेनानी. मेक्सिकन क्रांतीच्या धुमाळीत त्यांनी भावांसह शस्त्र उचलले. पुढे आपल्या सैनिकांना जमिनी देऊन त्यांनी वसाहती उभारल्या. हेच सशस्त्र शेतकरी त्यांच्या सत्तेचा पाया ठरले. १९२७ ते १९३१ ते प्रांताचे गव्हर्नर होते, नंतर अध्यक्ष लासारो कार्देनास यांचे कृषिमंत्री. केंद्राशी बिनसल्यावर मे १९३८मध्ये त्यांनी बंड केले. जानेवारी १९३९मध्ये ते मारले गेले.

चळवळीतून आलेला नेता प्रांताचा सुभेदार कसा होतो, हा प्रश्न मराठी वाचकांनाही परका नाही. म्हणूनच आमच्या या अंकात रणांगणापेक्षा जमीनवाटप आणि निष्ठा यांच्या हिशेबावर भर आहे.