कमाई बाईची, मर्जी कोणाची?

जुन्या मराठी सिनेमाची आवड असलेल्या घरात हंसा वाडकर हे नाव हमखास निघते. त्यांचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ सालचा, मुंबईचा. घरची ओढाताण, म्हणून खेळण्या-शिकण्याच्या वयात त्या कामाला लागल्या. १९३६ साली 'विजयाची लग्ने' या चित्रपटातून त्या पडद्यावर आल्या, तेव्हा वय होते अवघे तेरा.

या आयुष्याचा जमाखर्च मांडून पाहू. जमेच्या बाजूला १९४१ चा प्रभातचा 'संत सखू', १९४७ चा 'लोकशाहीर रामजोशी' आणि १९५९ चा, अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका'. हा शेवटचा चित्रपट तर पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला!

आणि खर्चाच्या बाजूला? लग्नानंतर घरी राहून संसार करावा, ही त्यांची साधी इच्छा होती. पण माहेर आणि सासर, दोन्हींचा भार त्यांच्या कमाईवर. काम सुटले नाही. चूल त्यांच्या पैशावर पेटे आणि त्यांनी कसे जगावे हे मात्र दुसरेच ठरवीत. दारू जवळ आली, संसार मोडला. १९७१ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्या गेल्या.

पण जाण्यापूर्वी त्यांनी एक मोठे काम केले. 'सांगत्ये ऐका' याच नावाने आपली कहाणी त्यांनी सांगितली. स्वतःचे दोषसुद्धा झाकले नाहीत. त्यावरूनच श्याम बेनेगल यांनी १९७७ साली 'भूमिका' काढला आणि त्यातील कामासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

"सिनेमात गेली म्हणून असे झाले," असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. मग आपल्या यवतमाळ जिल्ह्यात निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया कोणत्या सिनेमात गेल्या? दिवसभर कंबर मोडायची त्यांनी, आणि बाजाराच्या दिवशी मजुरीचा पैसा कोणाच्या हातात पडतो? दोष सिनेमाचा नाही. बाईची कमाई चालते, तिची मर्जी चालत नाही, हा खरा दोष आहे.

म्हणून बंधूंनो, घरातल्या बाईचे खाते तिच्याच नावाने उघडा. पासबुक तिच्याजवळ राहू द्या. आणि पोरीला कामाला पाठवण्याआधी एकदा तरी विचारा, "बाई, तुला काय करायचे आहे?"