"मग टीममध्येही आरक्षण द्या ना!" म्हणणाऱ्यांसाठी एक गुणतक्ता

"एवढं आरक्षण हवंय तर भारताच्या टीममध्येही द्या ना!" हे वाक्य तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवलं असणारच. कॉलेजच्या कट्ट्यावर, ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर, नातेवाईक नसलेल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मला ते अलीकडे हुणसूरच्या बसस्टँडजवळ चहा पिताना ऐकायला मिळालं. पीएच.डी.च्या कामासाठी मी या तालुक्यात राहते. हॉटेलातल्या टीव्हीवर बेंगळुरू एफसीचा सामना चालू होता. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ, निवृत्त अधिकारी, स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, "बघा, इथे कुणी जात विचारत नाही. जो जिंकतो तो वर जातो." माझ्यासोबत मागासवर्गीय वसतिगृहात राहणारा बी.ए.चा एक मुलगा होता. घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला. तो काही बोलला नाही, ग्लासात बघत राहिला.

ते गप्प राहणं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. म्हणून "जो जिंकतो तो वर जातो" हे विधान खरंच तपासून बघू. फार लांब जायला नको. भारतीय फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगचा, म्हणजे आय-लीगचा 2016-17 चा हंगाम पुरे.

त्या हंगामात दहा संघ होते, प्रत्येकाने 18 सामने खेळले. 30 एप्रिल 2017 रोजी शेवटच्या दिवशी ऐजॉल एफसीने शिलाँगमध्ये लाजाँगशी 1-1 अशी बरोबरी साधली आणि विजेतेपद घेतलं. ऐजॉल 37 गुण, मोहन बागान 36. ईशान्य भारतातल्या क्लबने देशाची लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. संघात मिझो मुलं होती, मुंबईचा जयेश राणे होता, गोव्याचा गोलरक्षक आल्बिनो गोम्स होता, सीरिया आणि आफ्रिकेतून आलेले खेळाडू होते. प्रशिक्षक खालिद जमील. त्यांना आदल्याच वर्षी मुंबई एफसीने सोडलं होतं. त्या हंगामात मुंबई एफसी तळाला गेली आणि पुढे बंदच पडली.

इथपर्यंत गृहस्थांचं म्हणणं बरोबर वाटतं. आता एक वर्ष मागे जा. 2015-16 च्या हंगामात नऊ संघ होते. ऐजॉल आठवा आला, पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स नववा, म्हणजे शेवटचा. खालच्या श्रेणीत कुणाला पाठवलं? आठव्याला. कारण ऐजॉल दुसऱ्या श्रेणीतली स्पर्धा जिंकून वर आला होता, आणि शिवाजीयन्सला कॉर्पोरेट बोलीतून थेट प्रवेश मिळाला होता. थेट प्रवेशाबरोबर खाली न जाण्याचं संरक्षणही मिळालं होतं. जिंकून आलेला पडू शकतो, पैसे भरून आलेला पडू शकत नाही, असा तो नियम. त्याच मोसमात ऐजॉलने फेडरेशन चषकाची अंतिम फेरी गाठली होती. त्याचा उपयोग झाला नाही.

मग ऐजॉल परत आला कसा? गोव्याच्या धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लबने महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून लीग सोडली. जागा रिकामी झाली, म्हणून ऐजॉलला परत घेतलं. काही जण म्हणतील, म्हणजे त्यांनाही सवलतच मिळाली की. हो, मिळाली. त्या एका मिळालेल्या जागेवर उभं राहून त्यांनी नऊ संघांना मागे टाकलं. आरक्षणाबद्दल आपण शंभर वर्षं वेगळं काय सांगतोय? जागा द्या, मग बघा. जागा दिल्यावर खेळायचं काम त्यांनीच केलं, जसं परीक्षेला बसायचं काम आपणच करतो.

आता एक वर्ष पुढे या. गोव्याच्या क्लबांनी ज्या आराखड्याचा निषेध केला तो होता इंडियन सुपर लीगला देशाची सर्वोच्च लीग करण्याचा. महासंघाने डिसेंबर 2010 मध्ये आयएमजी-रिलायन्सशी 15 वर्षांचा, 700 कोटींचा करार केला होता. त्यातून 2014 मध्ये आठ फ्रँचायझींची आयएसएल सुरू झाली. तिच्यात वर यायची आणि खाली जायची सोयच नव्हती. 2017 मध्ये तिला नवे संघ हवे होते. बोली मागवली. आत कोण गेलं? बेंगळुरू एफसी, जी त्या वर्षी आय-लीगमध्ये चौथी आली होती. आणि जमशेदपूर एफसी, जिने तोपर्यंत एकही सामना खेळला नव्हता. विजेता ऐजॉल बाहेर राहिला. क्लबने महासंघाला पत्रं लिहिली, आमरण उपोषणाचा इशारा दिला. जागा मिळाली नाही.

पहिला बाहेर. चौथा आत. अजून जन्मही न झालेला आत.

बेंगळुरूच्या खेळाडूंबद्दल माझी तक्रार नाही. त्या संघाने आधी दोनदा आय-लीग मैदानात जिंकली होती. पण 2013 मध्ये राष्ट्रीय लीगचं दार त्या क्लबसाठी उघडलं ते बोलीनेच, आणि 2017 मध्ये दुसरं दार उघडलं तेही बोलीनेच. आपल्याकडे कॉलेजात अशा जागेला मॅनेजमेंट कोटा म्हणतात. त्या जागेवर शिकून डॉक्टर झालेल्याला कुणी विचारत नाही, तुला मार्क किती होते. हा प्रश्न फक्त आपल्यासाठी राखून ठेवलेला आहे.

आयएसएल जातीवर चालते असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की "मेरिट" हा शब्द दोन्हीकडे एकच काम करतो. आत कुणाला घ्यायचं हे आधी पैशाने, ओळखीने, वारशाने ठरतं. मग दार बंद होतं. मग आतल्यांची आपापसात स्पर्धा होते आणि तिला गुणवत्ता म्हणतात. बाहेरचा येऊ लागला की त्याच्यासाठी नियम कडक होतात आणि आतल्याला पडू न देण्याचे नियम सौम्य. मिझोरामची बहुसंख्य माणसं अनुसूचित जमातींची आहेत. त्यांच्या खेळाचं कौतुक कसं होतं तेही ऐका: "डोंगरातली पोरं, मुळातच चपळ, दम मोठा." शरीराचं कौतुक, डोक्याचं नाही. मिझोरामने 2012 मध्ये स्वतःची प्रीमियर लीग उभी केली, 2014 मध्ये संतोष चषक जिंकला, आणि मग ऐजॉल विजेता झाला. हे नियोजन आहे, संघटन आहे. त्याला निसर्गाची देणगी म्हटलं की श्रेयही काढून घेता येतं आणि खुर्चीही.

आणि हा वाद या मातीत नवा नाही. शाहू महाराजांनी 1902 मध्ये कोल्हापुरात निम्म्या जागा राखून ठेवल्या. म्हैसूर संस्थानात 1918 मध्ये मिलर समिती नेमली गेली, तेव्हा दिवाण विश्वेश्वरय्यांचा आक्षेप गुणवत्तेचाच होता. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेला बालाजी खटला म्हैसूर राज्याचाच, मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या जागांवरून. आणि ज्या हुणसूरच्या हॉटेलात मला मेरिट शिकवलं गेलं, त्याच तालुक्यातल्या कल्लहळ्ळीचे देवराज अरसू. त्यांच्या सरकारने 1972 मध्ये हावनूर आयोग नेमला, 1975 मध्ये त्याचा अहवाल आला आणि कर्नाटकातल्या मागास जातींना शिक्षणात, नोकरीत दार उघडलं. त्या दारातून गेलेल्यांची नातवंडं आज याच बसस्टँडवर "आरक्षणाने देश बुडाला" ऐकत उभी असतात.

एक आक्षेप राहतो. "लीग चालवायला पैसा लागतो. गरीब क्लब पगार कुठून देणार?" पैसा लागतो, मान्य. पण पैशाने टिकाऊपणा येतो हे खोटं आहे. मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2005-06 चा राष्ट्रीय विजेता, मोठ्या कंपनीचा संघ. 2010 मध्ये मालकांनी बंद केला. डीएसके शिवाजीयन्सचा संघ 2017 नंतर राहिला नाही. आयएसएलमधली एफसी पुणे सिटी 2019 मध्ये गुंडाळली गेली. महाराष्ट्राचे हे तीनही संघ पैशानेच उभे राहिले होते. 1984 चा ऐजॉल त्यानंतरही खेळत राहिला, कारण त्याच्यामागे शहर होतं. आणि दार उघडणं अशक्य होतं असंही नाही. 2023 मध्ये आय-लीगचा विजेता पंजाबचा क्लब आयएसएलमध्ये घेतला गेला, पुढच्या वर्षी मोहम्मडन स्पोर्टिंग. आकाश कोसळलं नाही. फक्त ऐजॉलसाठी सहा वर्षं उशीर झाला होता.

माझ्याही बाबतीत एकदा असंच झालं. एका विद्यापीठात लेखी परीक्षेच्या यादीत मी वर होते, मुलाखतीनंतर खाली गेले. कारण विचारल्यावर सांगितलं, "आत्मविश्वास कमी वाटला." तुमच्यापैकी कित्येकांकडे अशी एक यादी असेल. "योग्य उमेदवार आढळला नाही" असा शेरा मारून रिकामी ठेवलेली जागाही तुम्ही पाहिली असेल. आपण ते स्वतःचं अपयश समजून घरी सांगत नाही. सांगायला हवं. यादी जपून ठेवायला हवी, माहितीचा अधिकार वापरून गुण मागायला हवेत. पुराव्याशिवाय आपलं म्हणणं रडगाणं ठरवलं जातं.

आणि टीममध्ये आरक्षण मागणाऱ्याला पुढच्या वेळी दोन प्रश्न विचारा. मैदानात यायचं दार कुणाच्या हातात आहे? आणि हरल्यावर कुणाला पडू दिलं जात नाही?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला 2016-17 चा गुणतक्ता मोबाइलवर काढून दाखवला. त्याने वरून खालपर्यंत वाचला. मग विचारलं, "अक्का, पहिले आले ना हे? मग पुढच्या वर्षी वर गेले असतील."

मी म्हटलं, "नाही. चौथा गेला."

तो थोडा वेळ तक्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे मला पाठवा. त्या सरांना दाखवायचंय."