सुट्या ठोक्यांचा पक्ष

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत करणाऱ्यांत सॅम्पल पॅकविषयी, म्हणजे विकत मिळणाऱ्या मुद्रित आवाजांच्या संचांविषयी, दोन मते ठामपणे मांडली जातात. दोन्ही एकमेकांच्या विरोधात आहेत आणि मला दोन्ही चुकीची वाटतात. पहिले शुद्धतावाद्यांचे. ज्याला स्वतःचे संगीत करायचे आहे त्याने दुसऱ्याने मुद्रित केलेला ठोका विकत घेऊ नये. किक, क्लॅप, बेस सगळे सिंथवर स्वतः घडवावे, नाहीतर सगळ्यांचे ट्रॅक एकसारखे होणार, असे ते म्हणतात. दुसरे मत बाजाराचे. पॅक जितका नामांकित आणि त्यातला आवाज जितका तयार, तितका आपला ट्रॅक व्यावसायिक दर्जाच्या जवळ जाणार. म्हणून पॅक भरपूर घ्यावेत, आणि ऐकताक्षणी मोठ्या मैदानात वाजल्यासारखे वाटतील असेच घ्यावेत. माझे म्हणणे असे की पॅक जरूर घ्यावेत, पण पुढचे निर्णय ज्यात आपल्यालाच घ्यावे लागतील असे घ्यावेत. सुटे ठोके, कोरडे आवाज, पट्टी आणि लांबी बदलली तरी न मोडणारे. नृत्यसंगीतात आवाजाची निवड आणि त्याची घडण हीच रचना असते. ती आधीच होऊन आली, तर निर्मात्याच्या वाट्याला निव्वळ मांडामांड उरते.

शुद्धतावाद्यांचा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. हाउस आणि टेक्नोचा कणा मानले गेलेले रोलंडचे टीआर-९०९ हे यंत्र १९८३ मध्ये आले. त्यातली किक आणि स्नेअर विद्युतमंडलातून तयार होतात, पण हाय-हॅट आणि झांजा येतात त्या खऱ्या झांजांच्या, अवघ्या ६ बिटांत साठवलेल्या मुद्रणातून. म्हणजे हाउसच्या असंख्य तबकड्यांवर जो हाय-हॅट ऐकू येतो तो मुळात एक सॅम्पलच आहे, आणि तो निवडला यंत्र बनवणाऱ्यांनी. त्याआधीचे, १९८० चे लिन एलएम-१ तर सर्वस्वी खऱ्या ड्रमच्या मुद्रणांवर चालत असे. प्रत्येक यंत्रात तीच मुद्रणे होती. तरीही प्रिन्सने त्यातला ड्रमच्या कडेवरचा काठीचा आवाज पट्टी उतरवून इतका खाली नेला, की १९८४ च्या ‘व्हेन डव्ह्ज क्राय’मध्ये तो खास त्याचा ठोका झाला. मूळ आवाज कुणाचा, या प्रश्नाला इथे फारसा अर्थ उरत नाही. आवाजाचे पुढे काय केले, त्यालाच सगळा अर्थ आहे.

याचा सर्वांत भक्कम पुरावा मुंबईत आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. साधने तीन: रोलंडचे ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. शिकागोच्या फ्यूचर या गटाचे ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये आले आणि टीबी-३०३ च्या त्याच चिरक्या, वळणाऱ्या बेसवर अ‍ॅसिड हाउस नावाचा प्रकार उभा राहिला. यंत्र तेच, आवाज तोच. एकीकडे भैरव आणि ललित यांचे स्वर न थकणाऱ्या ठेक्यावर उलगडत जातात, दुसरीकडे एकाच वाक्याचा पीळ वाढत जातो. आवाज समान असल्याने संगीत समान होते, हे म्हणणे खरे असते तर या दोन तबकड्या जुळ्या निघायला हव्या होत्या. तशा त्या नाहीत, कारण या यंत्रांनी आवाज दिले आणि त्यांच्याशेजारी बटणे दिली. टीआर-८०८ च्या किकला तिचा नाद किती वेळ रेंगाळावा याचे स्वतंत्र बटण आहे. टीआर-९०९ च्या किकला पट्टी बदलण्याचेही आहे. आवाज अपुरा दिलेला आहे आणि तो पुरा करण्याची जागा वाजवणाऱ्यासाठी राखलेली आहे. पॅक तपासताना मी हीच जागा शोधतो.

आता बाजाराचे मत. ‘तयार’ आवाज काय किमतीला पडतो हे पाहायला १९८२ चेच ‘प्लॅनेट रॉक’ हे गाणे पुरे आहे. त्या एकाच तबकडीवर दोन आवाज गाजले. एक टीआर-८०८ चे ठोके, दुसरा फेअरलाइट या संगणकातला सगळ्या वाद्यवृंदाचा एकदम उठणारा दणका, जो स्ट्राविन्स्कीच्या ‘फायरबर्ड’च्या मुद्रणातून उचललेला होता. दणका पूर्ण होता. त्यात स्वरांची जुळणी होती, सभागृहाचा घुमारा होता, नाट्य होते. तो पुढे इतक्या गाण्यांत जसाच्या तसा वापरला गेला, की आज कानावर पडला की ऐंशीचे दशक आठवते आणि दुसरे काहीच आठवत नाही. त्याच तबकडीवरचा ८०८ मात्र हिपहॉपपासून ट्रॅपपर्यंत प्रत्येक पिढीने पुन्हा नव्याने घडवला. ज्या आवाजात सगळे निर्णय आधीच झालेले असतात तो आवाज ते निर्णय घेणाऱ्या काळाला बांधला जातो.

पॅक विकताना ऐकवला जाणारा नमुना याच पूर्णतेचा भास विकतो. त्यावर लिमिटर चढवलेला असतो, रिव्हर्ब ओतलेला असतो, आणि तो आपल्या प्रकल्पातल्या आवाजांपेक्षा मोठ्याने वाजतो. दोन आवाजांत एक जरा मोठा असला तर कान त्यालाच चांगला म्हणतो. म्हणून पातळी समान केल्याशिवाय पॅकची तुलनाच करू नये. सॅम्पलमध्ये भिनलेला रिव्हर्ब पुढे स्वच्छ काढता येत नाही. कोरड्या आवाजावर मात्र हवा तो चढवता येतो. लिमिटरने कापलेले ठोक्याचे टोकही परत मिळत नाही.

सर्वांत जास्त फसगत किकमध्ये होते, म्हणून तिथे थोडे थांबतो. मिनिटाला १२५ ठोक्यांच्या हाउसमध्ये दोन किकांमध्ये ०.४८ सेकंद असतात, आणि बेस बहुधा त्यांच्या बरोबर मध्ये, ०.२४ सेकंदांवर येतो. एकटी ऐकताना भव्य वाटणारी किक बऱ्याचदा तिच्या लांब शेपटीमुळे भव्य वाटते. ट्रॅकमध्ये तीच शेपटी बेसच्या जागेवर बसते. त्यात पट्टीचा प्रश्न येतो. किकची शेपटी ५२ हर्ट्झवर स्थिरावत असेल आणि बेस ५५ हर्ट्झच्या स्वरावर धरलेला असेल, तर दोन्ही एकत्र वाजताना सेकंदाला तीन वेळा आवाज फुगतो आणि बसतो. घरच्या लहान स्पीकरवर हे कळतही नाही. मोठ्या साउंड सिस्टीमवर तळच डळमळतो. उपाय दोन, किक लहान करणे किंवा तिची पट्टी जुळवणे. दोन्ही उपाय कोरड्या, एकसंध, सुट्या किकवर सहज होतात. लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या तयार तुकड्यात, किकवर क्लॅप, हाय-हॅट आणि घुमारा एकात एक बसवलेले असतील, तर किकची पट्टी बदलताना सगळ्यांची बदलते. शिवाय साध्या पद्धतीने पट्टी चढवली की आवाज आखूडही होतो, एक सप्तक चढवला तर लांबी निम्मी. म्हणून पॅक घेण्याआधी त्यातली एखादी किक तीन-चार स्वर वर-खाली करून, अर्ध्यात तोडून ऐकावी. ती तग धरत असेल तर पॅक कामाचा आहे.

यावर तीन गंभीर आक्षेप येतात. पहिला ‘आमेन ब्रेक’चा. द विन्स्टन्सच्या १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’मधला ग्रेगरी कोलमन यांचा सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा म्हणजे पूर्ण वादन होते, सुटा ठोका नव्हे, आणि जंगल व ड्रम अँड बेस हे प्रकार त्यावरच उभे राहिले. मग तयार तुकडा वाईट कसा? उत्तर असे की जंगलवाल्यांनी तो तयार ठेवलाच नाही. मिनिटाला १३५ च्या आसपास चालणारा तो तुकडा १६० च्या पुढे पळवला, त्यातला एकेक ठोका वेगळा तोडला, क्रम उलटापालटा केला, स्नेअरच्या पट्ट्या बदलल्या. त्यांनी लूपमधून सुटे ठोके काढले. असे तोडता येण्याजोगे लूप मीही घेईन, पण मग ते सुट्या ठोक्यांचीच खाण म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. रिहानाच्या २००७ च्या ‘अंब्रेला’चा ठेका अ‍ॅपलच्या गॅरेजबँडबरोबर सर्वांना मिळणाऱ्या एका लूपवर आहे, आणि सब्रिना कार्पेंटरचे २०२४ चे ‘एस्प्रेसो’ स्प्लाइस या सॅम्पल पुरवणाऱ्या सेवेवरच्या तयार लूपांवर उभे आहे. दोन्ही गाणी जगभर गाजली. मी हे मान्य करतो, आणि त्या गाण्यांना कमीही लेखत नाही. पण तिथे भार कुणावर आहे? गळ्यावर, चालीवर, शब्दांवर. गायिका तीच ठेवून लूप बदलला तरी गाण्याची ओळख बरीचशी टिकेल. सहा-सात मिनिटांच्या टेक्नो ट्रॅकमध्ये ना मुखडा असतो ना अंतरा. हाय-हॅट किती उघडा ठेवला, क्लॅप ठोक्याच्या किती मागे ढकलला, बेस कधी काढून घेतला, हेच तिथले वाक्य. तिथे दुसऱ्याचा पूर्ण लूप ठेवला की वाक्यच दुसऱ्याचे होते. पॉपला चालणारी सवय नृत्यसंगीताला चालत नाही, ती एवढ्यासाठी.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: पॅक रॉयल्टीमुक्त असतात, मग हवे ते वापरायला काय हरकत? हरकत अशी की हा परवाना एकट्या आपल्याला मिळालेला नसतो. तोच सुरेल लूप हजारोंना मिळतो. युट्यूबच्या कंटेंट आयडी यंत्रणेत फक्त स्वतःचा एकट्याचा हक्क असलेले ध्वनी नोंदवता येतात. दोघांच्या ट्रॅकमध्ये एकच उघडा लूप असेल आणि एकाने नियम न पाळता नोंद केली, तर दुसऱ्याच्या ट्रॅकवर दावा येऊ शकतो. सुट्या, घडण बदललेल्या किकवरून असा घोळ होण्याची शक्यता नगण्य असते.

सुट्या ठोक्यांचा हा मुद्दा आपल्याकडे आणखी तीव्र होतो, तो देशी वाद्यांच्या पॅकमध्ये. ‘इंडियन पर्कशन’ अशा ठोकळ नावाखाली तबला, ढोलक, ढोलकी, ताशा एकत्र कोंबून मिनिटाला १२८ ठोक्यांच्या साच्यात कापलेले लूप विकले जातात. त्यात ताल आणि वाद्य दोन्ही गुदमरतात. लावणीची ढोलकी गाणाऱ्याच्या पट्टीत मिळवलेली असते. तिच्या लूपची पट्टी संगणकाने ओढून चढवली की तिचा खणखणीत बाज जातो, आणि न चढवावी तर ती बेसशी भांडते. ढोलकीच्या डाव्या पुडीवर हात घासून निघणारा घुमारा तर वादनाच्या भरात वर-खाली सरकत जातो. तो एका लूपमध्ये गोठवला की प्रत्येक दोन मात्रांनी तोच उसासा ऐकू येतो. हलगी विस्तवावर शेकल्यावर तिचा ताण चढतो, वाजता वाजता तो उतरतो, आणि कुशल वादक त्या उतरत्या ताणाचाही उपयोग करतो. असा पॅक घ्यायचाच असेल, तर त्यात हळू, मध्यम, जोरकस असे वेगवेगळ्या ताकदीचे ठोके सुटे हवेत, आणि वाद्य कोणत्या पट्टीत मिळवले होते याची नोंद हवी. सात मात्रांचा रूपक हवा असेल तर तो सुट्या ठोक्यांतून बांधता येतो. चार-चारच्या लूपमधून तो कधीच निघणार नाही.

नवशिक्याचे काय, असे कुणी विचारेल. सातारा किंवा लातूरमध्ये एक लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन बसलेल्या मुलाला लूप जोडून निदान काही तरी ऐकू येते, त्याचा उत्साह टिकतो. हे खरे आहे, आणि पहिल्या काही दिवसांपुरते मला त्यात काही गैर वाटत नाही. पण त्याच मुलाला एक किक, एक क्लॅप, दोन हाय-हॅट आणि एक बेस एवढ्यावर एक पूर्ण ट्रॅक करायला लावले, तर तो लूपांच्या ढिगापेक्षा लवकर शिकतो, कारण प्रत्येक चूक कुठे आहे हे त्याला ऐकू येते. एका ८०८ वर शैली उभ्या राहिल्या. शंभर पॅक नसल्याने कुणाचे अडले नाही.

आणि निवडताना वादकाचे नाव पाहावे. आमेन ब्रेक असंख्य ट्रॅकमध्ये वाजला, पण कोलमन यांना त्याचे मानधन मिळाले नाही. २००६ मध्ये ते वारले. गटाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड जमवले, तेही उशिरा. हलगी किंवा संबळाच्या पॅकमध्ये वादकाचे नाव आणि त्याच्याशी झालेल्या कराराचा उल्लेख नसेल, तर तो स्वस्त असला तरी मी घेणार नाही. यात न्यायाचा प्रश्न आहेच, पण कामाचाही आहे. नाव असले तर पॅकमध्ये नसलेला ठोका, हवी ती पट्टी, जरा सैल ताणाची हलगी त्या वादकाकडून पैसे देऊन पुन्हा मुद्रित करून घेता येते.