जवस: अमृतही नव्हे, नुसती ढेपही नव्हे

जवसाबद्दल सध्या तीन मतं कानावर येतात. पहिलं मोबाइलवरून फिरतं: रोज चमचाभर जवस खा, बीपीची गोळी बंद करा. दुसरं गावच्या पारावरचं: जवसाचं कसलं कौतुक, त्याची ढेप आम्ही बैलांना घालतो. तिसरं स्वयंपाकघरातलं: आमच्याकडे जवसाची चटणी पिढ्यान्‌पिढ्या होते, आम्हाला कोणी शिकवू नये. तिन्ही मतांत थोडं तथ्य आहे, पण एकही पुरतं खरं नाही.

पहिलं मत सर्वांत घातक, म्हणून आधी तेच घेऊ. त्यामागे खरा अभ्यास आहे, हे मान्य. कॅनडात पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांवर प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस पाव, मफिन अशा पदार्थांत घालून दिलं. शेवटी त्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० अंकांनी आणि खालचा सुमारे ७ अंकांनी कमी भरला. निकाल चांगलाच आहे. पण ३० ग्रॅम म्हणजे पोह्याचे चार चमचे शीग लावून. शिवाय तिथे जवस औषधांच्या जोडीला होतं, औषधांच्या जागी नव्हतं. निरोप पुढे ढकलणाऱ्यांनी नेमक्या याच दोन गोष्टी गाळल्या.

‘जवस खा, मासे नकोत’ हा दावाही असाच अर्धवट. जवसातलं ओमेगा-३ आणि माशातलं ओमेगा-३ एक नव्हे. जवसातल्याचं माशातल्यासारखं रूपांतर आपलं शरीर करतं, पण फार थोडं. शाकाहारी माणसाला जवस उपयोगी आहेच, मात्र ते बांगड्याची बरोबरी करत नाही.

आता पारावरचं मत. गोठ्यात काय जातं यावरून अन्नाची प्रत ठरवायची, तर ज्वारीही बाद करावी लागेल. तिचा कडबा गुरंच खातात. ढेप तेल काढल्यावर उरते. अख्ख्या दाण्याचा हिशेब वेगळा आहे. १०० ग्रॅम जवसात सुमारे २७ ग्रॅम तंतू, १८ ग्रॅम प्रथिनं आणि ४२ ग्रॅम स्निग्धांश असतो. या स्निग्धांशात निम्म्याहून जास्त ओमेगा-३. एक चमचा, म्हणजे सात ग्रॅम कूट घेतलं तरी त्यातून सुमारे १.६ ग्रॅम ओमेगा-३ मिळतं. अमेरिकी आहारमानकांनुसार प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज तेवढीच आहे.

तंतूंचा गुण डोळ्यांनी पाहायचा असेल तर रात्री दोन चमचे दाणे वाटीभर पाण्यात टाका. सकाळी भेंडी चिरताना सुटते तशी तार त्या पाण्याला सुटलेली असेल. हाच बुळबुळीतपणा आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. दळलेल्या जवसाने कोलेस्टेरॉल कमी होतं, असा दावा खाद्यपदार्थांवर छापायला कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१४ मध्ये परवानगी दिली. त्यासाठीचं प्रमाण दिवसाला ४० ग्रॅम.

राहिली चटणी. तिची रीत शहाणपणाची आहे. कोरड्या कढईत मंद आचेवर दाणे तडतडू लागले, कढईबाहेर उड्या मारू लागले की उतरवायचे आणि सुक्या मिरचीबरोबर, लसणाबरोबर कुटायचे. भाजल्याने कच्च्या दाण्यातली सायनाइड सोडणारी द्रव्यं कमी होतात आणि कुटल्याने कठीण टरफल फुटतं. न फुटलेला दाणा पोटातून बराचसा जसाच्या तसा बाहेर पडतो. दह्यावर अख्खं जवस भुरभुरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पण चटणीत मीठ असतं आणि ती पानात चमचाभरच येते. चटणीतूनच ३० ग्रॅम जवस खायचं म्हटलं, तर त्याबरोबर पोटात जाणारं मीठ रक्तदाबाच्या रुग्णाला परवडणार नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे: जवस चटणीच्या वाटीतून पिठाच्या परातीत आणा. भाजून कुटलेलं जवस भाकरीच्या, थालीपिठाच्या पिठात मिसळतं, वरणात आणि ताकातही चालतं. कूट आठवड्यापुरतंच करा. जवसाचं तेल हवेने लवकर बदलतं. क्रिकेटच्या बॅटला ते चोळतात तेही याच गुणामुळे. बॅटवर तो गुण कामाचा, डब्यात मात्र त्यानेच कूट खवट होतं. सुरुवात एका चमच्याने करा आणि पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट साफ होण्याऐवजी जड होईल. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

उद्या भाकरीचं पीठ मळताना माणशी एक चमचा कूट घाला. आणि बीपीची गोळी ठरल्या वेळी घ्या.